आधी ऑपरेशन की आधी केमो?
मावशीला ओव्हरीचा कॅन्सर निघाला, स्टेज ३, पोटात पाणी इतकं की साडीच्या निऱ्या बसेनात, आणि परळला टाटाच्या ओपीडीबाहेर बसून आमचा हाच घोळ चाललेला.

आधी ऑपरेशन म्हणजे पोट उघडून दिसेल ती गाठ काढायची, मग सहा केमो. पेशंट धडधाकट असेल आणि सगळं निघेल अशी सर्जनला खात्री असेल तर माझं मत यालाच, कारण डोळ्याला दिसेल असं काहीच मागे उरलं नाही की जगायचे दिवस सगळ्यात जास्त वाढतात, थोडंसं राहिलं तरी फरक पडतो हो.

दुसरं म्हणजे साधारण तीन केमो, मग ऑपरेशन, मग परत तीन. २०१० साली छापून आलेल्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात दोन्ही गटांत निम्म्या बायका जेमतेम अडीच वर्षं पार करू शकल्या, २९ महिने आणि ३० महिने, म्हणजे सारखंच, पण केमो आधी घेतलेल्यांना ऑपरेशननंतरचा त्रास कमी झाला.

मावशी पार गळून गेलेली म्हणून आम्ही केमो आधी घेतली, दुसऱ्या डोसनंतर पोट उतरलं, भाकरी मागून खाल्ली तिने. सर्जनला एवढं नक्की विचारा, सगळं निघेल का?