गुलशन महाल: ‘पुंडलिक’ शोधायला गेले होते

आम्ही मालवणकडचे आणि ‘पुंडलिक’ हा मूकपट काढणारे दादासाहेब तोरणेही तिकडचेच, म्हणून पेडर रोडवरच्या भारतीय चित्रपट संग्रहालयात आईला घेऊन गेले. तिकीट माणशी 20 रुपये, सोमवारी बंद. इमारती दोन. वेळ थोडा असेल तर नवी राहू द्या, पण एकोणिसाव्या शतकातला गुलशन महाल सोडू नका. मूकपटांचा काळ तिथे आहे.

त्या दालनात आईने विचारलं, “पुंडलिक खंय आसा?”

तो आता कुठेच नाही, हे तिला तिथेच उभ्या उभ्या सांगावं लागलं. 18 मे 1912 ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये तो लागला. फाळक्यांचा ‘हरिश्चंद्र’ त्याच थिएटरात आला तो पुढच्या वर्षी. ‘पुंडलिक’ म्हणजे रामराव कीर्तिकरांचं नाटक पडद्यावर, जेमतेम बावीस मिनिटं. कॅमेऱ्यामागे जॉन्सन नावाचा साहेब आणि फिल्म धुवायला गेली लंडनला. नाटकाचं नुसतं चित्रण, तेही परक्याच्या हातून, म्हणून त्याला पहिला भारतीय चित्रपट म्हणायला अभ्यासक कचरतात. मला ते पटत नाही. कल्पना तोरण्यांची, नट आपले, गोष्ट पंढरीची, मग आणखी काय हवं?

तेव्हाच्या जाहिरातीत म्हटलं होतं की मुंबईतल्या जवळजवळ निम्म्या हिंदूंनी तो आठवड्याभरात पाहिला, आता उरलेल्यांनी पाहावा. आई म्हणाली, “इतक्यांनी बघितल्यानी आणि एकानय जपान ठेवल्यान नाय?” काय सांगणार? नायट्रेटची फिल्म भडकन पेटते, नुसती पडून राहिली तरी कुजते, आणि फिल्ममधली चांदी काढायला कित्येक रिळं नष्ट केली गेली. तेराशेच्या वर मूकपट झाले आपल्याकडे, त्यातले उरले तीसच्या आसपास. हा आकडा कळल्यावर दालनातली प्रत्येक चौकट मी पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

दोन तास महालासाठीच ठेवा. आम्हाला कुणी घाई केली नाही. वयस्कर माणसं बरोबर असतील तर सकाळी उघडता उघडता जा.

विठोबा दारात उभा आणि पुंडलिक आईबापांचे पाय चेपतोय, हे संवादांशिवाय कसं दाखवलं असेल, असं मी म्हणाले. आईने चालता चालता हवेतच वीट सरकवून दाखवली. “विटेक हात घातल्यान की सगळ्यांका कळताच. बोलूक कित्याक होया?”