अँकीड्रॉइड चांगलं आहे, पण कार्डं मुलांनी स्वतः करायला हवीत

मुलांचे इंग्रजी शब्द वाढावेत म्हणून कुठलं ॲप द्यावं, असं पालक विचारतात तेव्हा मी अँकीड्रॉइडचं नाव सांगते. शब्दांची कार्डं दाखवून उजळणी करून घेणारं हे अँड्रॉइड फोनवरचं ॲप. फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि नेटशिवाय चालतं. गुरुवारी लाइट जाऊन वायफाय बंद पडलं तरी उजळणी अडत नाही. फक्त एक अट घालते: त्यासाठी मिळणारे तयार शब्दसंच घ्यायचे नाहीत.

मी पुण्यात धायरीला घरीच सहावी ते आठवीच्या शिकवण्या घेते. बहुतेक मुलं सेमी-इंग्लिशची, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचं मराठीतून. यांचं घोडं कुठे अडतं हे वर्षानुवर्षं पाहते आहे. विज्ञानातली नवी संज्ञा बाई शाळेत समजावून सांगतात, त्यामुळे ती येते. अडतं ते आजूबाजूच्या साध्या शब्दांपाशी. 'डिस्टिंग्विश', 'जस्टिफाय', 'अकॉर्डिंगली', 'देअरफोर'. उत्तर पाठ असतं, पण प्रश्न काय मागतोय तेच कळत नाही. 'स्टेट' हा एकच शब्द घ्या. भूगोलात तो राज्य, विज्ञानात पदार्थाची अवस्था, आणि प्रश्नपत्रिकेत 'सांगा'. 'व्हॉल्यूम' म्हटलं की मुलांना टीव्हीचा आवाज आठवतो, आणि गणितात तर घनफळ काढायचं असतं. अशा शब्दांकडे शाळेत कुणी मुद्दाम लक्ष देत नाही, कारण ते कुठल्याच धड्याचे नसतात.

ॲप काय करतं, तर उजळणीचं वेळापत्रक सांभाळतं. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. मुलानं आधी मनात आठवायचं, मग कार्ड उलटायचं आणि खालच्या चार बटणांपैकी एक दाबायचं: अगेन, हार्ड, गुड, ईझी. कुठलं बटण दाबलं तर कार्ड परत कधी येईल, ते बटणावरच दिसतं. आलेला शब्द उद्या, मग काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी, असा लांब लांब जातो. न आलेला त्याच बैठकीत पुन्हा समोर येतो. वहीत शंभर शब्द उतरवून रोज पहिल्या पानापासून घोकणारी मुलं पहिले वीस घडाघडा सांगतात आणि शेवटच्या पानापर्यंत पोचतच नाहीत. ते इथे होत नाही.

आता तयार संचांबद्दल. शोधायला गेलं की जीआरई, आयईएलटीएस असल्या, परदेशी शिकायला जाणाऱ्यांच्या परीक्षांचे शब्द ढिगानं मिळतात. सातवीतल्या मुलाला 'ॲबस्टेमियस' कशाला हवा? तो त्याला पुस्तकात भेटणार नाही, बोलण्यात लागणार नाही. महिनाभर तोंडपाठ राहील आणि मुलाला वाटेल इंग्रजी म्हणजे हेच. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या शब्दांच्या जाडजूड पुस्तकांबद्दलही माझं हेच मत आहे. नुसती यादी कितीही मोठी असली तरी त्यातला शब्द मुलाच्या वाक्यात उतरत नाही.

आमच्याकडे एका कार्डावर एकच वाक्य असतं, आणि तेही मुलानं स्वतः वाचलेलं. शाळेच्या पुस्तकातलं, नाहीतर ग्रंथालयातून आणलेल्या गोष्टीतलं. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत आहेत, त्यामुळे पुस्तक शाळेत राहिलं ही सबब चालत नाही. पुढच्या बाजूला वाक्य, शब्दाच्या जागी रिकामी जागा आणि त्याचं पहिलं अक्षर. मागे शब्द, मराठी अर्थ आणि त्याखाली मुलाचं स्वतःचं वाक्य. या शेवटच्या ओळीशिवाय मी कार्ड मान्य करत नाही. 'रिलक्टंट'ला एका मुलीनं लिहिलं होतं, 'माय ब्रदर इज रिलक्टंट टू ईट दुधी.' तिच्या तुकडीतला एकही मुलगा तो शब्द विसरलेला नाही. 'स्टेट'ची मात्र तीन निरनिराळी कार्डं करायला लावते, तीन विषयांतली तीन वाक्यं घेऊन.

स्पेलिंगसाठी यात एक फार उपयोगी सोय आहे. कार्डाच्या रचनेत थोडा बदल केला की उत्तर टाइप करायची चौकट येते, आणि उलटल्यावर बरोबर अक्षरं हिरवी, चुकलेली लाल दिसतात. 'नेसेसरी'त सी एक आणि एस दोन, हे फळ्यावर कितीदा लिहा, मुलं उलटं करतात. स्वतः टाइप केलेल्या शब्दात तेवढंच अक्षर लाल झालेलं दिसलं की नजर नेमकी तिथे जाते. टाइप करायचा कंटाळा असेल तर व्हाइटबोर्ड चालू करून स्क्रीनवर बोटानं लिहिता येतं. फोनच्याच आवाजात शब्द वाचून दाखवायची सोयही कार्डात घालता येते. 'थरो', 'थ्रू' आणि 'दो' यांच्यात गोंधळणाऱ्यांना मी ती आवर्जून लावून देते. एखादा शब्द पुन्हा पुन्हा चुकला की ॲप त्यावर 'लीच', म्हणजे जळू, अशी खूण करतं. त्या कार्डांवर मी शनिवारी मुलांबरोबर बसते. बहुतेक वेळा वाक्यच धड निवडलेलं नसतं. ते बदललं की शब्द बसतो.

एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बदला. मुळात रोज २० नवी कार्डं येतात. शाळा, क्लास, मैदान सांभाळणाऱ्या मुलाला ती झेपत नाहीत, कारण जुन्यांची उजळणी साचत जाते आणि महिन्याभरात रोजचा आकडा शंभराच्या पुढे जातो. मग मूल ॲप उघडायचंच टाळतं. मी ५ ठेवते. सुट्टीत हवं तर ८.

उणिवाही आहेत. दिसायला रुक्ष आहे. बक्षिसं, टाळ्या, कार्टून यातलं काही नाही. सुरुवातीची मांडणी मुलाला एकट्याला जमत नाही, घरातल्या कुणीतरी शेजारी बसायला हवं. आलं की नाही हे मूल स्वतःच ठरवतं, म्हणून 'ईझी' दाबत सुटणाऱ्यांना पकडावं लागतं. टाइप करायची चौकट त्यांच्यासाठीही कामाची आहे. आणि हे वाचनाला पर्याय नाही. ज्या घरात मूल इंग्रजीचं पानही उघडत नाही तिथे कार्डं कशाची करणार?

ॲप फोनवर उतरवताना नाव नीट वाचा, मिळत्याजुळत्या नावाची बरीच ॲप्स आहेत. आयफोनवरचं अँकी वेगळं आहे आणि ते विकत घ्यावं लागतं, स्वस्तही नाही. त्याऐवजी अँकीवेब या संकेतस्थळावर मोफत खातं काढून ब्राउझरमधून उजळणी करता येते.

मुलाच्या हातात फोन द्यायचाच नसेल, तर तेही मला पटतं. अशांसाठी पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये जर्मन पुस्तकात सांगितलेली डब्याची पद्धत आहे. कार्डशीट आणा, पत्त्यांएवढे तुकडे कापा आणि बुटांच्या खोक्यात तीन कप्पे करा. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा रविवारी. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलेलं कुठल्याही कप्प्यातलं असो, परत पहिल्यात.