नऊशे-सोळाचे लष्करी टायर: उंच केलेल्या पिकअपवरील आठ महिने

इंदूरहून महूमार्गे पुढे गेले की जानापावच्या पायथ्याशी आमचे शेत लागते. डांबरी रस्ता सुटल्यावर उरणारी चार किलोमीटरची गाडीवाट काळ्या पाषाणाच्या धारदार दगडांतून जाते, आणि तिने तीन वर्षांत आमच्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपच्या सहा टायरांच्या बाजू फाडल्या. म्हणून मागच्या दिवाळीनंतर मी या गाडीला ९.००-१६ मापाचे, लष्करी गाड्यांना असतात तशा नक्षीचे नायलॉन टायर बसवून घेतले. आठ महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे आहे की टायर उत्तम आहे. परंतु तो बसवण्यासाठी गाडी जितकी उंच केली आणि जितकी कापली, तितकी करण्याची आमच्या कामाला गरज नव्हती.

बाजारात या मापाला ‘नऊशे-सोळा’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या डॉजच्या पाऊण टनी लष्करी गाड्यांना हेच माप होते आणि आपल्याकडे ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही लागते, त्यामुळे ट्यूब आणि पंक्चर काढणारा माणूस हे दोन्ही खेड्यात सहज मिळतात. माझ्या गाडीचा मूळ टायर २४५/७० आर १६, म्हणजे व्यासाला साधारण ७५० मिलिमीटर. नवा टायर ८९० च्या घरात, म्हणजे जवळपास ३५ इंच. रुंदीत मात्र दोघांत फारसा फरक नाही, आणि हीच या मापाची खुबी आहे, कारण रुंद टायर आतल्या बाजूने चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, घासतो तसा हा घासत नाही. तो घासतो पुढे आणि मागे, मडगार्डच्या अस्तराला व बंपरच्या खालच्या कोपऱ्याला.

माल लष्करी लिलावातून आलेला असल्याचे विक्रेत्याने सांगितले. त्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा वाचणे अधिक उपयोगाचे असते. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. मला आधी दाखवलेल्या ढिगात ‘०९११’ होता, म्हणजे २०११ सालच्या नवव्या आठवड्यातला. नक्षी अगदी कोरी होती, पण नक्षीच्या ठोकळ्यांच्या मुळाशी बारीक तडे होते. मी तो ढीग नाकारला आणि २०२२ चे पाच टायर प्रत्येकी साडेनऊ हजारांना घेतले.

गाडी उंच करण्याबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे आणि तो माझाही होता. सस्पेन्शनमध्ये दोन इंच आणि चासी व बॉडी यांच्यामध्ये दोन इंचांचे स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, घातल्या की गाडी चार इंच उंच दिसते. परंतु दगडावर आदळतो तो मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या अॅक्सलच्या मधला गिअरांचा फुगीर डबा, आणि तो या दोन्हींपैकी कशानेही एक मिलिमीटरसुद्धा वर जात नाही. तो वर जातो फक्त टायरच्या वाढलेल्या व्यासाच्या निम्म्याने, माझ्या गाडीत सुमारे ७० मिलिमीटर. बाकीची उंची केवळ मोठ्या टायरला फिरायला जागा मिळावी म्हणून करावी लागते. पुढच्या सस्पेन्शनमध्ये दोन इंचांपलीकडे गेल्यास चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टचे सांधे नको तितके वाकतात, असे ज्या वर्कशॉपमध्ये हे काम करून घेतले तिथल्या उस्तादांनी, म्हणजे मुख्य मिस्त्रींनी, सांगितले आणि ते बरोबर आहे.

त्या वर्कशॉपचे नाव मी देत नाही, कारण काम वाईट नव्हते, अर्धवट होते. मूळ अलॉय रिमचे व्हॉल्व्हचे भोक लहान आणि या ट्यूबचा व्हॉल्व्ह जाड, म्हणून त्यांनी भोक मोठे करण्याचा सुचवलेला उपाय मी मानला नाही व पोलादी रिम घेतल्या. त्या चांगल्या निघाल्या. मात्र नवी रिम बसवल्यावर शंभरएक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावे लागतात, हे मला कोणी सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी शेताच्या वाटेवर टकटक आवाज येऊ लागला तेव्हा डाव्या पुढच्या चाकाचे सहापैकी चार नट हाताने फिरत होते. दुसरी चूक अशी की स्टिअरिंग पूर्ण वळवून तपासले, पण चाक वर दाबलेल्या अवस्थेत तपासले नाही. पहिल्याच नाल्यात टायरने अस्तर ओरबाडले, त्यामागची एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची तार तोडली आणि डॅशबोर्डवर दिवा लागला. तार त्यांनी विनामूल्य बदलून दिली.

दगडांवर हा टायर जे काम करतो त्याला तोड नाही. आठ महिन्यांत एकही बाजू फाटलेली नाही आणि ट्रॉलीभर वीट घेऊन चढतानाही पकड सुटली नाही. रिकाम्या गाडीत मात्र त्याची बाजू इतकी ताठ असते की मागचा भाग उड्या मारतो. हवा ४० पाउंडांवरून २८ वर आणल्यावर ते सुसह्य झाले. नायलॉनचा टायर रात्रभर उभा राहिला की जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो, त्यामुळे सकाळचे पहिले चार-पाच किलोमीटर स्टिअरिंग थरथरते, मग टायर गरम होऊन गोल होतो. लोहामंडीतल्या काट्यावर रिमसकट चाक ५४ किलो भरले, जुने २६. पंक्चर झाल्यास एकट्या माणसाने हात लावू नये, आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली मावत नाही, ती मागे हौद्यात बांधावी लागते.

पावसाळ्याने दुसरी बाजू दाखवली. पुढे-मागे दोन्हीकडे सारखीच असलेली ही नक्षी दगडासाठी आणि घट्ट जमिनीसाठी ठीक आहे, परंतु माळव्याची काळी माती ओली झाली की ठोकळ्यांमधल्या खोबणीत ती लिंपल्यासारखी बसते आणि फिरताना झडत नाही. आषाढातल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आमच्या बांधाजवळ चारही चाके गुळगुळीत लोळ्यांसारखी झाली आणि शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने गाडी ओढावी लागली. ज्यांची वाट दगडाची नसून मातीची आहे, त्यांनी हा टायर घेऊ नये.

व्यास वाढला की आकडे खोटे बोलतात. स्पीडोमीटरचा काटा ६० दाखवतो तेव्हा प्रत्यक्ष वेग ७१ असतो. शंभर किलोमीटर नोंदले जातात तेव्हा गाडी ११८ चाललेली असते. डिझेलचा हिशेब ओडोमीटरवरून केला तर लिटरला साडेसात येतो, दुरुस्त केल्यावर नऊ. पूर्वी साडेअकरा होता. चढावर पहिला गिअर जणू दीड गिअर झाला आहे, आणि ब्रेकलाही तेवढाच जास्त जोर लावावा लागतो.

पहिले दोन महिने मी ही गाडी रस्त्यावरही चालवली, ती चूक होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाल्यास विम्याचा दावा अडेल, हे विमा एजंटांनी स्पष्ट सांगितल्यापासून गाडी शेतावरच असते.

टायरांचे साडेसत्तेचाळीस हजार, रिमांचे सोळा, मजुरीचे अठरा आणि उंचीच्या सामानाचे एक लाख दहा हजार असा खर्च झाला. यातील शेवटचा आकडा मला बोचतो. ७.५०-१६ मापाचा, साधारण ८०५ मिलिमीटरचा टायर घेतला असता, तर डिफरन्शियल २८ मिलिमीटर वर गेला असता, बॉडी उचलावी लागली नसती आणि अस्तरही बहुधा शाबूत राहिले असते. घरी आल्यावर आईने पहिल्याच दिवशी विचारले होते, “अरे, यात चढायचे कसे?” तेव्हापासून तिच्यासाठी हौद्यात एक लाकडी स्टूल ठेवलेले असते. हे पाच टायर झिजले की बॉडीचे स्पेसर काढून साडेसातशे-सोळा घालायचे, एवढे उस्तादांशी आताच बोलून ठेवले आहे.