हँड्स ॲट वर्क इन आफ्रिका : शेजारणींच्या भरवशावर चालणारी सेवा

हँड्स ॲट वर्क इन आफ्रिका ही दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्ती संस्था अनाथाश्रम चालवत नाही, आणि तिच्याविषयी माझे मत अनुकूल होण्याचे पहिले कारण हेच आहे. आमच्या मंडळीतील (चर्चमधील) काही कुटुंबांना आफ्रिकेतील निराधार मुलांसाठी नियमित अर्पण द्यायचे होते, म्हणून संस्थेची कार्यपद्धती, तिच्यामागचा विचार आणि या क्षेत्रातील जुना अनुभव यांची मी पडताळणी केली. हे परीक्षण देणगी देऊ पाहणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले आहे.

जॉर्ज स्नायमन आणि त्यांच्या पत्नी कॅरोलिन यांनी उभ्या केलेल्या या कामाची मुळे म्पुमलांगा प्रांतातील व्हाइट रिव्हर गावाजवळच्या मासोयी या वस्तीत आहेत. एड्सने त्या भागातील घरे एकामागून एक रिकामी होत होती, आजारी माणसांची शुश्रूषा घरीच करावी लागत होती, आणि शुश्रूषेला जाणाऱ्या बायकांच्या लक्षात येत होते की रुग्ण दगावल्यावर खरा प्रश्न मागे राहणाऱ्या मुलांचा आहे. आज दक्षिण आफ्रिकेखेरीज एस्वातिनी, मोझांबिक, झिम्बाब्वे, झांबिया, मलावी, काँगो लोकशाही प्रजासत्ताक आणि नायजेरिया या देशांतही संस्थेचे काम चालते. पद्धत सर्वत्र साधारण एकच आहे. वस्तीतील स्थानिक मंडळ्यांतून स्वयंसेवक पुढे येतात. त्यांना केअर वर्कर म्हणतात आणि त्यांत बहुतांशी स्त्रिया असतात. त्या सर्वाधिक अडचणीतील मुले निवडतात, त्यांच्या घरी नियमाने जातात, आणि केअर पॉइंट नावाच्या साध्या जागेवर मुलांना गरम जेवण रांधून घालतात. जेवण, शाळा आणि प्राथमिक आरोग्यसेवा या तीन गोष्टी मुलाला मिळाल्याच पाहिजेत, असा संस्थेचा आग्रह आहे.

यांपैकी जेवणाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, ज्याला झांबियात न्शिमा आणि झिम्बाब्वेत साद्झा म्हणतात, त्यासोबत पालेभाजी किंवा शेंगवर्गीय कालवण, हाच त्या भागातील गरिबाघरचा रोजचा आहार आहे आणि केअर पॉइंटवर काही निराळे शिजावे अशी अपेक्षाही नाही. सेवेचे खरे मर्म घरभेटीत आहे. घरी गेल्याशिवाय आजी आजारी पडली आहे, थोरल्या मुलीने शाळा सोडली आहे, पावसात छप्पर गळते आहे किंवा एखादा नातेवाईक मुलांना मारतो आहे, हे कळत नाही. दक्षिण आफ्रिकेत बालकांसाठीचे सरकारी अनुदान 1998 पासून सुरू आहे, पण कागदपत्रांवाचून अडलेल्या कुटुंबापर्यंत ते आपोआप पोहोचत नाही, आणि अशा वेळी कार्यालयाची वाट माहीत असलेली शेजारीण एखाद्या मोठ्या प्रकल्पापेक्षा अधिक उपयोगी पडते.

ही पद्धत या संस्थेने शोधून काढलेली नाही, आणि तसे नसणे हीच माझ्या दृष्टीने भरवशाची गोष्ट आहे. झिम्बाब्वेतील मुतारे येथे जेफ फॉस्टर या बालरोगतज्ज्ञांनी 1987 साली फॅमिली एड्स केअरिंग ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. 1992 मध्ये मुतारे शहर आणि परिसरातील 570 घरांची पाहणी झाली, तेव्हा 18.3 टक्के घरांत अनाथ मुले आढळली. पण त्या पाहणीचा अधिक महत्त्वाचा निष्कर्ष असा होता की, बहुतेक मुलांना नातेवाइकांनी सांभाळून घेतले होते आणि तेही बरे सांभाळले होते. परंपरेने ही जबाबदारी वडिलांकडच्या नात्यावर असे. आता आईकडची माणसेही ती उचलू लागली होती. मात्र काही घरांत थोरले भावंडच कर्ते झाले होते, आणि कुटुंबव्यवस्थेवरचा ताण त्यातून दिसत होता. पुढच्याच वर्षी या ट्रस्टने स्थानिक मंडळ्यांतील स्त्री स्वयंसेवकांमार्फत अनाथ मुलांच्या घरी भेटी देण्याचा उपक्रम सुरू केला. त्यामागचा विचार सरळ होता: कुटुंब मोडलेले नाही, थकलेले आहे, तेव्हा मूल तेथून उचलून न नेता कुटुंबालाच आधार द्यावा.

खर्चाचा हिशेबही याच बाजूचा आहे. टांझानियातील कागेरा भागात अनाथाश्रमासारख्या संस्थेत ठेवलेल्या एका मुलावर वर्षाला हजार डॉलरहून अधिक, म्हणजे दुसऱ्या कुटुंबात सांभाळलेल्या मुलाच्या जवळजवळ सहापट खर्च येत असल्याचे जागतिक बँकेच्या आकडेवारीत दिसून आले होते. आपल्याकडील ख्रिस्ती वाचकांच्या डोळ्यांसमोर मात्र अनाथसेवा म्हटले की केडगावचे मुक्ती मिशन येते, आणि त्यामुळे इमारत नसलेली सेवा अपुरी वाटण्याची शक्यता आहे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणून केडगावी वसवल्या, तेव्हा त्या मुलींना सांभाळणारे घरच उरलेले नव्हते. आफ्रिकेच्या या वस्त्यांत आजी आहे, मावशी आहे, अंगण आहे. नाही ते पीठ, फी आणि विचारपूस करणारे माणूस.

आता प्रार्थनेविषयी, कारण देणगीदारांपैकी निम्म्यांना ती पुरेशी आहे का याची चिंता असते आणि उरलेल्यांना ती जास्त तर होत नाही ना याची. अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणे हे निर्मळ धर्माचरण आहे, हे बायबलमधील याकोबाच्या पत्रातील सांगणे या सेवेच्या मुळाशी आहे. त्यामुळे येथे प्रार्थना भेटीचाच भाग असते, कामाच्या शेवटी जोडलेला कार्यक्रम नसते. अशा घरी भेटीला येऊन बसलेली स्वयंसेविका अनेकदा रिकाम्या हाताने आलेली असते. ऐकून घेणे आणि त्या घरातील माणसांची नावे घेऊन मध्यस्थीची प्रार्थना करणे, एवढेच तिला देता येते. मदतीच्या व्यवहारात सहसा न साधणारी एक गोष्ट त्यातून साधते: ऐकणारी आणि सांगणारी एका पातळीवर येतात. शिवाय स्वयंसेविका आपसांत छोट्या गटांत जमून स्वतःची दुःखेही बोलतात आणि एकमेकींसाठी प्रार्थना करतात. स्वतः पती किंवा मूल गमावलेल्या बाईला दुसऱ्याच्या घरी जाण्याचे बळ कोठून येते, याचे उत्तर मला प्रशिक्षण-पुस्तिकेपेक्षा या गटांत अधिक दिसते. तरीही माझी एक अट आहे. भुकेल्या मुलाच्या ताटाचा आणि त्याच्या उपासनेतील हजेरीचा काडीमात्र संबंध असता कामा नये, आणि घरातील आजारी माणसाने प्रार्थनेवर विसंबून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरील उपचाराच्या, गोळ्या सोडू नयेत हे स्वयंसेविकेने स्पष्ट सांगितले पाहिजे. कोणत्याही ख्रिस्ती संस्थेला देणगी देताना या दोन गोष्टी लेखी विचारण्यात संकोच बाळगू नये.

माझा खरा आक्षेप दुसरीकडे आहे. या सेवेचा सर्व भार ज्या बायकांवर आहे, त्या स्वतः त्याच वस्तीतील गरीब बायका आहेत, आणि त्यांचे श्रम विनावेतन आहेत. युनिसेफ आणि वर्ल्ड कॉन्फरन्स ऑफ रिलिजन्स फॉर पीस यांच्यासाठी फॉस्टर यांनीच केलेल्या, 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा आफ्रिकी देशांतील सुमारे 690 धार्मिक संस्थांची पाहणी झाली. त्यांत 7,800 हून अधिक स्वयंसेवक सुमारे 1 लाख 40 हजार मुलांना आधार देत असल्याचे आढळले. म्हणजे एका माणसामागे सरासरी अठरा मुले. ही आकडेवारी कौतुकाने सांगितली जाते, पण मला ती वाचताना मानधनासाठी आझाद मैदानावर बसलेल्या आपल्या आशा सेविका आठवतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांना त्यांच्या कामाच्या प्रमाणात मोबदला द्यावा, असे म्हटले आहे. मंडळीतून येणारी स्वयंसेविका ही कर्मचारी नव्हे आणि पगार सुरू होताच शेजारधर्माचे रूप बदलते, हा प्रतिवाद मी समजू शकतो; जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा पगारावर चालणारे अनेक कार्यक्रम ठप्प झाले, हेही खरे आहे. पण पगार न देणे आणि काहीच न देणे यांत अंतर आहे. पायांतील बूट, बसभाडे, आजारपणातील खर्च आणि तिच्या स्वतःच्या मुलांची फी एवढी तरतूद देणगीदारांनी आग्रहाने करायला हवी.

परदेशातून काही दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्या गटांबाबत मी फारसा उत्साही नाही. आई-वडील गमावलेल्या मुलाच्या आयुष्यात आणखी एक माणूस येऊन निघून जावे, यात मुलाचा लाभ थोडा असतो. जायचेच असेल तर दीर्घ मुदतीसाठी जावे, केअर वर्करच्या मागे चालावे आणि मुलांची छायाचित्रे काढू नयेत.

देणगीची रचना मात्र मला पसंत पडली. एका मुलाचे छायाचित्र पाठवून त्याचा पालक बनवण्याऐवजी येथे एखादी मंडळी संपूर्ण वस्तीशी नाते जोडते, त्यामुळे एकाच अंगणातील दोन मुलांपैकी एकालाच पत्र आणि खाऊ येण्याचा प्रसंग टळतो. भारतातून पैसे पाठवणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर येथे करसवलत मिळत नाही. आणि मंडळीचा न्यास आपले उत्पन्न परवानगीवाचून भारताबाहेर खर्च करू लागला तर त्याची स्वतःची करमाफी अडचणीत येते. म्हणून आम्ही मंडळीच्या खात्यातून काही न पाठवता इच्छुक कुटुंबांनी वैयक्तिकरीत्या, बँकेमार्फत पाठवावे असे सुचवले आहे. ज्यांचे नातेवाईक ब्रिटनमध्ये कर भरतात, त्यांनी तेथील शाखेला गिफ्ट एड या सरकारी योजनेखाली देणगी दिल्यास प्रत्येक पौंडामागे सरकारकडून आणखी 25 पेन्स मिळतात. रक्कम लहान असली तरी चालेल, पण निदान तीन वर्षांचा शब्द द्यावा आणि पहिल्याच पत्रात स्वयंसेविकांसाठी वेगळी तरतूद किती आहे, हे विचारावे.