माटोळीचं चित्र: पणजीच्या एका कोड-चित्रकाराकडून

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी सरून माटोळी (गणपतीवर टांगलेली, फळं-पानं बांधलेली लाकडी पट्ट्यांची चौकट) उतरवली की गोव्यातल्या आमच्या प्रियोळच्या घराचं छत ओकंबोकं दिसतं. भावजी तीस वर्षं ती बांधत आले. यंदा खांदा धरल्यामुळे निम्मी पुतण्याने बांधली. त्यांच्या हातची माटोळी भिंतीवर वर्षभर राहावी, म्हणून मी पणजीत मळा भागाच्या बाजूला कोड (संगणकाला द्यायच्या सूचना) लिहून चित्रं करणाऱ्या एका तरुण चित्रकाराकडे गेले. १२ बाय १६ इंच, चौकटीशिवाय ४,५०० रुपये.

आधी त्याने एआयकडून काढलेले नमुने दाखवले. रंग सुरेख, पण कवंडळांच्या, म्हणजे माटोळीतल्या रानफळांच्या जागी टोमॅटो लटकत होते. मी बोट ठेवलं तेव्हा तोच म्हणाला, “बाई, हे यंत्र ज्या चित्रांवर शिकलं, त्यांत आपली माटोळी फारशी नसणार.” ते नमुने बाजूला सारून तो आमच्या घरी आला आणि अख्खी दुपार भावजींसमोर बसला. आधी काय बांधता? नारळ कुठे? भावजी म्हणाले, “जड ते पट्ट्यांच्या सांध्याशी. हलकं मधे. एका जातीचं शेजारी शेजारी नको.”

हेच नियम त्याने प्रोसेसिंगमध्ये लिहिले. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ साली सुरू केलेली, कोड लिहून चित्रं काढायची ही प्रणाली फुकट मिळते. फळं मात्र त्याने हाताने रेखाटली. कोड चालवला की दर खेपेला नवी मांडणी. साठेक मांडण्या पाहताना भावजी एकेक बाद करत गेले: “ही नको, सुपारीचं शिपटं खाली येईल.”

चित्र काढतो तो प्लॉटर, म्हणजे पेन धरून कागदावर रेघा ओढणारं यंत्र. दोर आधी सरळ आले होते, अगदी निर्जीव. मग त्याने केन पर्लिन यांची १९८३ची नॉइजची, म्हणजे नैसर्गिक वाटणारा अनियमितपणा आणायची रीत वापरली आणि रेघेत बारीक थरथर आली. पेन टेकतं तिथे शाईचा गडद ठिपका पडतो. कवंडळाच्या देठाशी तो ठिपका नेमका गाठीसारखा दिसतो. मी चित्रकला शिकवते, पण ती जागा मला हाताने साधली नसती.

तक्रार आहेच. आठ दिवस सांगून तीन आठवडे लावले, आणि दमट हवेने कागदाला लाटा आल्या. काचेची चौकट लगेच करून घ्या. चित्राच्या मागे पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला आहे. त्याच कोडला तो आकडा दिला की हीच मांडणी पुन्हा निघते. कोडही त्याने पेनड्राइव्हवर दिला, त्यामुळे बुरशीची धास्ती उरली नाही.

आपल्याकडचं काही काढून घ्यायचं असेल तर नुसते फोटो पाठवू नका. त्याला घरी बोलवा आणि ते काम करणाऱ्या माणसाशी गाठ घालून द्या. आमच्या चित्रात निरफणस राहून गेला. पुढच्या चित्रात तो हवाच, असं भावजींनी त्याला बजावलं आहे.