आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण : परसातल्या एका रात्रीचे परीक्षण

पन्नास हजारांच्या आसपास खर्च करण्याची तयारी असेल, घरामागे थोडी मोकळी जागा असेल आणि ग्रह-तारे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असतील, तर मोटार जोडलेल्या लहान दुर्बिणीपेक्षा साध्या बैठकीवर हाताने फिरवायची, आठ इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या रचनेत पैसा यंत्रणेत न जाता आरशात जातो आणि २०३ मिलिमीटर व्यासाचा आरसा अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या सुमारे आठशे पट प्रकाश गोळा करतो. ही साधी लाकडी बैठक जॉन डॉब्सन यांनी रूढ केली. कॅलिफोर्नियातील वेदान्त मठात संन्यासी असतानाच ते टाकाऊ काचांपासून आरसे घासू लागले आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर वाटसरूंना चंद्र-शनी दाखवीत राहिले.

२०२६ च्या महाशिवरात्रीला, म्हणजे चंद्राचा अडथळा नसलेल्या रात्री, साताऱ्याबाहेरच्या आमच्या परसात ही दुर्बीण पहाटेपर्यंत वापरली. ती सूर्यास्तालाच बाहेर आणून ठेवावी लागते, कारण आरसा हवेइतका थंड होईपर्यंत, म्हणजे किमान अर्धा-पाऊण तास, गुरूची कड उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी थरथरते. एकदा आरसा निवला की २५ मिलिमीटरच्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून), ४८ पट वर्धनाला, मृग नक्षत्रातील तेजोमेघ डोळ्यांत भरतो. मधोमध ट्रॅपेझियम नावाचे चार तारे वेगवेगळे टोचल्यासारखे दिसतात आणि नजर किंचित बाजूला वळवली की मघाशी नसलेल्या फिकट धुराचे पदर हळूहळू उमटत जातात. छायाचित्रांतला गुलाबी रंग मात्र येथे दिसत नाही. दिसतो तो राखाडी, जरासा हिरवट प्रकाश, आणि मला तोच अधिक खरा वाटतो.

खरी अडचण गुरूने दाखवली. तो मिथुन राशीत असल्यामुळे रात्री दहाच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर आला होता आणि डॉब्सोनियन नेमकी तेथेच अडते. नळी सरळ उभी राहिल्यावर तिला बाजूला ढकलायला जोरच मिळत नाही. ग्रह तसूभर सरकला तरी सगळी बैठक फिरवावी लागते आणि १० मिलिमीटरच्या आयपीसमधून, १२० पट वर्धनाला, तो दोन मिनिटांच्या आत दृश्याबाहेर जातो. सोबत मिळणारा सरळ फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, अशा वेळी मानेचा अंत पाहतो, म्हणून काटकोनी फाइंडर पहिल्याच महिन्यात बसवून घ्यावा. गुरू थोडा पश्चिमेकडे कलल्यावर मात्र दोन्ही गडद पट्टे इतके रेखीव दिसले की त्यांच्या कडांवरील बारीक खाचाही ओळखता आल्या.

नवविवाहितांना दाखवल्या जाणाऱ्या वसिष्ठ-अरुंधतीपैकी वसिष्ठ स्वतःच जोडतारा आहे, हे ४८ पटीतही सहज कळते; मिथुन राशीतील कॅस्टर या ताऱ्याची जोडी वेगळी दिसायला १२० पट लागते. कृत्तिका मात्र एका दृश्यात मावत नाहीत, त्यांच्यासाठी साधी द्विनेत्रीच बरी.

पहाटे चारनंतर नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेला सर्वांत उंच आला. साताऱ्याहून तो क्षितिजापासून जेमतेम पंचवीस अंशांपर्यंत चढतो, पण लंडनमध्ये कधी उगवतच नाही, हेही ध्यानात घ्यावे. लहान दुर्बिणींतून जो केवळ धुरकट गोळा वाटतो, तो येथे कडेपासून आतपर्यंत असंख्य ताऱ्यांत विरघळतो. सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षांवरचा हा गुच्छ मराठी मुलखातल्या परसातून असा दिसतो, एवढ्या एका कारणासाठीही आठ इंचांचा आरसा घ्यावा.

दोषही सांगितले पाहिजेत. बैठकीच्या पार्टिकल बोर्डच्या कडा पावसाळ्यातील दमट हवेने फुगतात; उत्पादकाने कडांना लावलेली पट्टी अपुरी असून, त्यावर वॉर्निशचा हात स्वतः द्यावा लागतो. बाहेर आणताना धक्का बसला की आरसे जुळवून घ्यावे लागतात. हे काम अवघड नाही, परंतु पुस्तिकेतील सूचना त्रोटक आहेत. वजन वीस किलोंच्या घरात असल्याने लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी सहा इंची घ्यावी आणि कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून तेजोमेघांची छायाचित्रे काढू इच्छिणाऱ्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. इतरांनी खरेदीपूर्वी पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या किंवा मुंबईच्या खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाला जाऊन निरनिराळ्या दुर्बिणींतून एकच गोष्ट पाहावी, शक्यतो एखादा तारकागुच्छ.