ईयू किट: रनएक्स२चा लगाम डोळ्यांनी दिसतो, पण एका अटीवर

रनएक्स२ हे ऑस्टिओब्लास्टला, म्हणजे हाड बनवणाऱ्या पेशीला, तिची ओळख देणारं प्रथिन. तेच आरडीएनएवर (आरआरएनएच्या जनुकांवर) यूबीएफ या ती जनुकं चालवणाऱ्या प्रथिनाजवळ बसून आरआरएनएचं, म्हणजे रायबोसोममधल्या आरएनएचं, उत्पादन रोखतं, हे २००७ साली समोर आलं. एसआयआरएनएने (जनुकाचा संदेश तोडणाऱ्या छोट्या आरएनएने) रनएक्स२ घटवलं की आरआरएनए वाढतो. ही वाढ एकेका पेशीत पाहायची असेल, तर ५-इथिनिल युरिडीनचं (ईयू) क्लिक किट आम्ही बिनदिक्कत सुचवू. ईयू नव्या आरएनएत शिरतं आणि मग तांब्याच्या मदतीने होणाऱ्या ‘क्लिक’ अभिक्रियेने त्याला चमकणारा रंग जोडता येतो.

पेशींना १ मिलिमोलर ईयू एक तास द्या. मग ३.७ टक्के फॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटं आणि पेशीच्या पटलाला छिद्रं पाडणाऱ्या ०.५ टक्के ट्रायटनमध्ये १५ मिनिटं. क्लिक मिश्रण ऐनवेळी बनवा आणि अंधारात ३० मिनिटं ठेवा, जास्त नको. तांबं आणि अ‍ॅस्कॉर्बेट मिळून आरएनएच तोडू लागतात.

बहुतेकांचं गाडं अडतं ते अ‍ॅस्कॉर्बेटवर. द्रावण पिवळट-तपकिरी दिसलं की फेकून द्या, त्याने तांब्याचं क्षपण नीट होत नाही आणि सगळी स्लाइड फिकी येते. बफरमध्ये ईडीटीए राहिलं तरी तेच, कारण ते तांबं पकडून ठेवतं. जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची चमकही तांब्याने मरते, म्हणून जीएफपी जोडलेलं रनएक्स२ वापरत असाल तर क्लिकनंतर जीएफपीविरोधी अँटिबॉडी लावा.

ईयू सगळ्याच नव्या आरएनएत शिरतं. त्यामुळे पूर्ण केंद्रकाची चमक मोजणं चूक. यूबीएफ किंवा फायब्रिलारिनच्या अँटिबॉडीने न्यूक्लिओलस (केंद्रकातला आरआरएनए बनण्याचा भाग) आखून घ्या आणि फक्त तेवढंच मोजा. एका खळग्यात ईयूआधी तासभर ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अ‍ॅक्टिनोमायसिन डी द्या आणि ईयूच्या वेळीही ते राहू द्या. न्यूक्लिओलसचे ठिपके विझले आणि भोवतालची मंद चमक उरली, तर पॉलिमरेज १चंच, म्हणजे आरआरएनए बनवणाऱ्या एन्झाइमचंच, काम दिसतंय असं खुशाल म्हणा, कारण एवढ्या कमी मात्रेत हे औषध मुख्यतः त्यालाच रोखतं.

आता ती अट. ऑस्टिओब्लास्ट आणि स्नायुपेशी शेजारी ठेवून चमक ताडून पाहू नका. ईयू आधी पेशीत शिरावं लागतं, मग युरिडीन कायनेजने त्याला फॉस्फेट जोडावा लागतो, आणि या दोन्हींचा वेग प्रत्येक पेशीप्रकारात वेगळा असू शकतो. तो फरक मायओडी (स्नायुपेशीला ओळख देणारं प्रथिन) किंवा रनएक्स२च्या नावावर सहज खपतो. एकाच प्रकारच्या पेशींत प्रथिन असताना आणि घटवल्यावर, एवढीच तुलना या किटला झेपते. प्रथिन आरडीएनएवर प्रत्यक्ष बसलंय का, हे चिपनेच (प्रथिनासोबत अडकलेला डीएनए वेगळा काढणाऱ्या चाचणीनेच) कळेल. जोडीला ४७एसच्या (आरआरएनएच्या कच्च्या, लांब रूपाच्या) ५′ ईटीएस या सुरुवातीच्या तुकड्याचं क्यूपीसीआर करून प्रमाण मोजा. तो तुकडा झटकन तुटतो, त्यामुळे त्याचं प्रमाण ताज्या उत्पादनाच्या जवळ जातं.